दुर्बिणीच्या खोलीत पमा

मला आयुष्यात कुणाच्या दागिन्यांचा हेवा वाटला नाही. जावेच्या स्लॅबच्या घराचाही वाटला नाही. खोटं कशाला बोलू, थोडा वाटला. पण आमच्या हॉस्पिटलात लादी पुसणाऱ्या एका बाईचा मात्र मी चार वर्षं असा हेवा केला की त्यापायी माझी झोप आणि जेवण दोन्ही गेलं. अंकाच्या संपादकांनी 'तुमचे रुग्णसेवेचे अनुभव लिहा' असं सांगितलंय. सेवा केली, नाही कोण म्हणतं? तीस वर्षं केली. पण लिहायला बसलं की डोळ्यांसमोर आधी पमाच येऊन उभी राहते, त्याला मी तरी काय करू?

आमचं हॉस्पिटल महामार्गाला लागून. कसालपासून खारेपाटणपर्यंतची माणसं आमच्याकडे यायची, आणि खालची मालवण-देवगडच्या किनाऱ्यावरचीही. मी दुर्बिणीच्या खोलीची सिस्टर. दुर्बिणी दोन. एक तोंडातून पोटात जाते, दुसरी खालून मोठ्या आतड्यात. पहिलीला माणसं नुसती घाबरतात. दुसरीला घाबरतात आणि वर लाजतात, म्हणजे दुप्पट कठीण.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नळी आत घालायची आणि बघायचं, त्यात काय? अहो, आतडं म्हणजे काही नळाचा सरळ पाइप नव्हे. पेशंटला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. नळी बोटाएवढी जाड, टोकाला कॅमेरा. थोडं आत गेलं की सुरुवातीलाच आतड्याचं एक सैल वेटोळं लागतं. नळी पुढे ढकलली की कधीकधी ती पुढे जातच नाही, ते वेटोळंच ताणलं जातं, आणि जी कळ येते ती त्या ताणाची. शिवाय वाट दिसावी म्हणून आत हवा सोडतात, त्याने पोट तटतटतं. त्यात माणूस घाबरलेला असला की पोट फळीसारखं कडक करतो, मग नळी अडते, मग आणखी दुखतं, मग तो आणखी कडक होतो. शहरात गुंगी देऊन पार झोपवतात. आमच्याकडे भूल देणारे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, तेही ऑपरेशनांपुरते. आणि आमचे अर्धे पेशंट विड्या ओढून दमा लावून घेतलेले, त्यांना जास्त गुंगी द्यायला डॉक्टर धजत नसत. थोडंसं इंजेक्शन, आणि बाकी माझा हात.

हो, माझा हात. पोटावर बाहेरून बरोबर जागी दाबलं तर ते वेटोळं ताणलं जात नाही आणि नळी सरळ पुढे सरकते. कुठे दाबायचं ते पुस्तकात असतं. किती दाबायचं ते पुस्तकात नसतं. आमचे डॉक्टर कोल्हापूरचे, बोलायला कमी. नळी अडली की मान वर न करता एवढंच म्हणायचे, "सिस्टर, हात." मी हात ठेवला की नळी सुटायची. हे दोन शब्द ऐकण्यासाठी मी तापातसुद्धा ड्युटीवर गेलेय.

आमच्या माणसांचे घोटाळेही आमचेच असायचे. तपासणीच्या आदल्या दिवशी फक्त पातळ घ्यायचं, असं मी प्रत्येकाला बजावून सांगे. तळेऱ्याच्या एका आजोबांनी सकाळ-संध्याकाळ भरपूर पेज घेतली. विचारलं तर म्हणाले, "पेज म्हणजे काय जेवाण? पाणीच तां." कसालचे एक व्यापारी तर अगदी निरागसपणे सोलांचं सार पिऊन आले, तेही तांब्याभर. डॉक्टरांनी नळी घातली आणि पडद्यावर सगळं लालच लाल! डॉक्टरांचा चेहरा उतरला. मी मात्र लगेच ओळखलं. म्हटलं, "डॉक्टर, हे रक्त नाही, हे आमचं कोकम." दुसऱ्या दिवसापासून माझ्या कागदावर मोठ्या अक्षरांत ओळ चढली: पेज नको, सार नको, सोलकढी नको. त्या खोलीत आपल्यावाचून अडतं, हे माणसाला किती गोड लागतं!

आणि मग पमा आली.

पमा म्हणजे प्रमिला. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, सातवी पास, आमच्या मजल्यावर सफाईला. पेशंटला संडासात न्यायचं, चादर बदलायची, लादी पुसायची. तपासणी चालू असली की ती कोपऱ्यात बेसिनपाशी उभी असे, कारण मध्येच काही सांडलं तर पुसायला कोणीतरी हवं.

एके दिवशी खारेपाटणच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका टेबलावर होत्या. आयुष्यभर शाळेला धाकात ठेवलेली बाई, पण त्या दिवशी लहान मुलीसारखी रडत होती. मी हात ठेवला, पण पोट इतकं कडक की काही चालेना. मी आपली प्रमाण मराठीत सांगतेय, "मॅडम, दीर्घ श्वास घ्या, सहकार्य करा." घरी मी मालवणीच बोलते, पण सिस्टरने कामावर मालवणी बोललं तर मान राहत नाही, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात पमा फडका टाकून पुढे आली, बाईंच्या कानाशी वाकून काहीतरी कुजबुजली. मला ऐकू आलं ते एवढंच:

"मगे वाट सांगा. येष्टीतून उतारलंय. फुडे?"

आणि मुख्याध्यापिका रडायच्या थांबल्या. म्हणाल्या, "फुडे बाजारातून सरळ."

"सरळ चल्लंय. मगे?"

"मगे उजवीक घाटी आसा."

पमाचा एक डोळा डॉक्टरांच्या खांद्यावर. डॉक्टर वळणापाशी थांबले की ही तिकडे थांबायची. "थांबा, थांबा बाई. चप्पल निसाटता माझी घाटयेर. सवकास उतरूया. हां... मगे?" बाईंचं पोट माझ्या हाताखाली लोण्यासारखं मऊ झालं. नळी गेली. बाई आपल्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पोचल्या, तुळस झाली, कुत्र्याचं नाव सांगून झालं, आणि डॉक्टर म्हणाले, "झालं."

बाहेर जाताना मुख्याध्यापिकांनी पमाचे दोन्ही हात धरले. मला म्हणाल्या, "थँक्यू सिस्टर."

तिथून सुरू झालं. आठवड्याभरात डॉक्टर म्हणायला लागले, "पमा आहे का?" गावागावांत बातमी गेली. माणसं अपॉइंटमेंट घेताना मलाच विचारत, "ती वाट इचारणारी बाई आसा मा?" तिच्यासाठी कुळथाचं पीठ येई, फणसाचे गरे येत, कुणी आंब्याची पेटी आणून देई. मला येई तो हिशेबाने एक पेढा, सगळ्या स्टाफला येतो तोच. मी घरी ताटावर बसून नवऱ्याला सांगे, "तिला काही कळत नाही हो! कुठलं आतडं, कुठली बाजू, काही माहीत नाही!" तो म्हणे, "मगे कसा काय जमता तिका?" मी ताट सरकवून उठे.

मी काय कमी प्रयत्न केले? एकदा पमा रजेवर होती. टेबलावर कचेरीतून निवृत्त झालेले एक हेडक्लार्क. मी म्हटलं, बघूया. "काका, घरचा रस्ता सांगा बघू." काकांनी डोळे मिटून सांगितलं, "मुक्काम पोस्ट अमुक, तालुका कणकवली, जिल्हा सिंधुदुर्ग," पुढे पिनकोडही सांगितला, आणि गप्प झाले. पत्ता संपला, नळी होती तिथेच. पमाला हे कुणीतरी सांगितलं, आणि ती पदर तोंडाला लावून हसताना मी पाहिली. वाईट भावनेने हसत नव्हती, हे आज कळतं. तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग मी ते केलं, जे लिहिण्यासाठी हा सगळा खटाटोप. एकदा हॉस्पिटलची पाहणी करायला वरून सरकारी लोक यायचे होते, तेव्हा डॉक्टरांना सांगितलं की प्रशिक्षण नसलेल्या माणसांनी तपासणी चालू असताना खोलीत थांबणं नियमाला धरून नाही. नियम खरा होता. माझं मन खरं नव्हतं. डॉक्टर घाईत होते, म्हणाले, "तुम्ही बघा सिस्टर." मी बघितलं. पमाला चादरी मोजायला तळमजल्यावर पाठवलं. "बरां," म्हणाली आणि गेली.

त्यानंतर पंधरवड्याने आत्माराम तांडेल आले. मालवणच्या वरच्या अंगाला किनाऱ्यावर घर, स्वतःची होडी, सत्तरीला टेकलेले पण दंड अजून दोरखंडासारखे. शौचातून रक्त जात होतं. सोबत बायको, भागीरथी काकी. हृदय थोडं अशक्त, छातीत विड्यांचा दमा, म्हणजे गुंगी नावापुरतीच. डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं, "सिस्टर, यांचं पूर्ण बघायलाच हवं. लक्षणं चांगली नाहीत."

डावी बाजू कशीबशी पार झाली. बरगडीखालच्या वळणावर नळी अडली. "सिस्टर, हात." मी हात ठेवला. पोट दगड. आत्माराम काका ओरडले, "मेलंय! सोडा माका!" डॉक्टर नुसते माझ्याकडे बघत होते. पमा कुठेय, हे त्यांनी विचारलं नाही, पण मला ते डोळ्यांत दिसलं. आणि मला वाटलं, आज दाखवतेच. मी वाकले आणि विचारलं:

"काका, तुमच्या घरी कसं यायचं? रस्ता सांगा बघू."

त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. मग मी माझ्या अकलेने भर घातली:

"गाडी दारापर्यंत येते का?"

आत्माराम काकांनी मान वळवली. "गाडी? गाडी कित्याक?" आवाज एकदम बारीक झाला. "माका खंय पोचवतास?"

आमच्या गावांतून हॉस्पिटलची गाडी दाराशी येते ती एकाच कामासाठी, मयत पोचवायला, आणि त्याआधी कुणीतरी वाट विचारून ठेवतं, हे मला माहीत नव्हतं असं मी कुठल्या तोंडाने सांगू? तीस वर्षांत मीच कितीदा नातेवाइकांना हा प्रश्न विचारला होता. काका टेबलावर उठून बसायलाच लागले. डॉक्टरांनी घाईघाईने नळी बाहेर घेतली. काका लेंगा बांधून चालत बाहेर गेले, पुन्हा वळून बघितलं नाही.

"काय विचारलंत तुम्ही त्यांना?" डॉक्टर म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष रिकाम्या पडद्यावर होतं.

"काही नाही," मी म्हटलं. आणि रजिस्टरात माझ्या अक्षरात लिहिलं: 'रुग्णाचे सहकार्य नाही. उजवी बाजू पाहता आली नाही.'

नळी शिरते तिथेच थोडी मूळव्याध दिसली होती. घरच्यांनी तेच कारण धरलं. डॉक्टरांनी दोनदा फोन करायला लावला, काका आले नाहीत. मी स्वतःला सांगितलं, हट्टी माणूस, आपण काय करणार?

दीड महिन्याने भागीरथी काकी औषधांच्या खिडकीपाशी उभ्या दिसल्या. मी तोंडावरची पट्टी काढून चहाला चालले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. म्हणाल्या, "सिस्टर, रगात वाढूचा कायतरी औषध देवा गो. होडी बंद केल्यानी हत. चार पावला चालले तरी दम लागता."

"दुर्बीण पूर्ण करायला आणा त्यांना," मी म्हटलं.

"ते येवचे नायत. थंय एक बाई आसा. ती तेंच्या मयताक गाडी खंयसून न्हेवची, ता इचारी होती, म्हणतत. थंय परत पाय ठेवचंय नाय, म्हणतत."

त्या माझ्या तोंडासमोर माझ्याबद्दलच सांगत होत्या, आणि 'ती मीच' एवढं म्हणायची माझी छाती झाली नाही. पण माणूस मरणार होता. आता माझं मला सगळं लख्ख दिसत होतं: आत कुठेतरी रक्त वाहतंय, ती जागा मी बघू दिली नाही, आणि का नाही दिली हे जगात मला एकटीलाच ठाऊक आहे. असं मला वाटत होतं.

मी तळमजल्यावर गेले. पमा चादरींच्या ढिगात बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"तुम्ही काय इचारलात नेमका?"

"रस्ता सांगा म्हटलं. मग, गाडी दारापर्यंत येते का."

तिने तोंडावर हात मारला. "अरे देवा! ओ सिस्टर, आदी सांगूचा लागता, मी तुमच्याकडे जेवूक येतलंय म्हणान. खंयचे, कोणातले, ता इचारूचा. माझी मावशी थंय दिलेली, नायतर माझो मामा थंय रवता, कायतरी गावताच. तुमच्या हातचो तिकला खाऊक येतंय, म्हणूचा. मगे वाट इचारूची. पावण्याक सगळे वाट सांगतत."

चार वर्षं ती पेशंटच्या कानाशी वाकून हेच कुजबुजत होती. आणि मी चार वर्षं नेमकी त्याच वेळी तोंड फिरवून उभी राहत होते.

रविवारी आम्ही दोघी गेलो. वाट कुणाला माहीत होती? पमा विचारत विचारत चालली होती, प्रत्येक वळणावर कुणाची तरी कुणीतरी निघत होती. आत्माराम काका पडवीत बसले होते, चेहरा कागदासारखा पांढरा. मला बघून त्यांनी तोंड वळवलं, डोळ्यांवरून ओळखलं होतं.

"काका," मी म्हटलं, आणि मग माझी भाषाच बदलली. "माझा चुकला. तुमका मराण इला म्हणान मी नाय इचारलंय. माका इचारूकच येवक नाय."

पमा पडवीत बसलीसुद्धा. "काका, आमी जेवूक इलंव. भुको लागल्यो हत. काकी, काय केलास?" काकींनी बांगड्याचा तिकला केला होता, तिखट, दाट कालवण. आम्ही खरंच जेवलो. हात धुताना काका पमाला म्हणाले, "तू आसशीत थंय?"

"आसतलंय."

"मगे येतंय."

काका आले त्या दिवशी खोलीत पमाला मीच घेऊन गेले. पमा म्हणाली, "काका, घराची वाट माका आता पाठ झाली. समुद्रातली सांगा. माशांकडे कसा जावचा?"

काका सांगायला लागले. आधी खाडीच्या तोंडाला रेतीचा बांध, तो भरतीलाच ओलांडायचा. मग डाव्या हाताला काळं खडप, म्हणजे खडक, पाण्याखाली, अनोळखी माणसाला दिसत नाही. डॉक्टर बरगडीखालच्या वळणावर पोचले. "सिस्टर, हात." मी ठेवला.

"हंय इंजिन कमी करूचा," काका म्हणाले, कपाळावर घाम.

"केलंय कमी," पमा म्हणाली. "सवकास. खडप खंय ता बघ काका, माका दिसणा नाय."

"डावीक... डावीक... आता सोड."

पोट सैल झालं. माझ्या हाताला वेटोळं सुटल्याचं कळलं. दुसरं वळणही तसंच गेलं. "मगे?" पमाने विचारलं. "मगे काय नाय," काका म्हणाले. "मगे मोकळा पाणी." डॉक्टर म्हणाले, "पोचलो." आणि पडद्यावर, नळीच्या वाटेच्या अगदी शेवटी, उजव्या बाजूच्या कोपऱ्यात, लिंबाएवढी गाठ रक्त गाळत बसलेली.

गोव्याला ऑपरेशन झालं. गाठ पसरलेली नव्हती. काका वाचले. मी नंतर डॉक्टरांना विचारलं, "पहिल्या वेळीच दिसली असती तर?" ते म्हणाले, "गाठ तेव्हाही होतीच सिस्टर. ऑपरेशन तेव्हाही लागलं असतं." मी जाईना, तेव्हा म्हणाले, "पण एवढं रक्त गेलं नसतं. हृदयाला ते सोसलं नाही." काकांना समुद्रावर जायची मनाई झाली ती कायमची. होडी पुतण्याकडे गेली. त्या दीड महिन्यात गेलेलं रक्त माझ्या माथी.

तीन महिन्यांनी काका काठी टेकत हॉस्पिटलात आले. पुतण्याने पकडलेला सरंगा पिशवीत घालून आणला होता, हा मोठा. मला वाटलं, पमासाठी. पण ते माझ्यापुढे आले आणि पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाले, "तुम्ही मोठी सिस्टर असान माझ्या घराक इलात. तुम्ही इलात म्हणान मी जिवंत आसंय." आणि सगळ्या स्टाफसमोर त्यांनी मला हात जोडले.

पमा माझ्या शेजारीच उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. चादरी मोजायला का पाठवलं, तेही तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हे तिने मला कधी सांगितलं नाही, मला ते त्या क्षणी तिच्याकडे बघून कळलं. एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. मी तिच्या जागी असते तर बोलले असते, हे मी शपथेवर सांगते. पमाने काकांची काठी नीट धरून दिली आणि म्हणाली, "व्हय तर काका. सिस्टर इली म्हणानच."

मी पिशवी घेतली. काकांना नाही म्हटलं नाही, खरं सांगितलं नाही. घरी जाऊन तो सरंगा शिजवला आणि खाल्ला. आज निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. पमाच्या बोलण्याचा मला आता हेवा वाटत नाही, ते शिकता येतं, मी शिकले. पण तिच्या त्या गप्प राहण्याचा अजून वाटतो.